जहाजातली गॅलरी

आमचे हेड कोणाच्याही घरी गेले की आधी बसायची जागा तपासत. खुर्ची दिली की ती उचलून वीतभर मागे घेणार, मग बसणार, मग गुडघे पुढे करून समोरच्या भिंतीला, टेबलाला किंवा कठड्याला लागतात का ते पाहणार. लागले तर उभ्यानेच चहा पिणार. "गुडघ्याले विचारा," हे त्यांचं ठरलेलं बोलणं होतं. घर कसं आहे हे डोळ्यांनी कळत नाही, गुडघ्यांनी कळतं, असं ते अगदी गंभीरपणे सांगत. लोक हसायचे. मीही हसायचो.

अमरावतीच्या एका सरकारी बांधकाम ऑफिसात ते हेड ड्राफ्ट्समन होते, म्हणून सगळे त्यांना हेड म्हणत. उंच, काळेसावळे, वलगावच्या शेतकरी घरातले. कोटाच्या खिशात घडीची लाकडी फूटपट्टी, कानावर पेन्सिल. नकाशे शाईने उतरवून काढणारा ट्रेसर म्हणून मी त्यांच्या हाताखाली लागलो ती साठ सालानंतरची गोष्ट. लग्न होऊन मला वर्षच झालं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं. मी अकोला म्हणालो. तेव्हापासून मी ऑफिसात अकोला झालो, तो शेवटपर्यंत.

ट्रेसिंग क्लॉथवर घामाचा थेंब पडला की तिथली खळ विरघळते आणि पांढरा डाग पडतो. पंखा लावला तर कापड फडफडतं आणि रेघ हलते. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत, बाहेर डांबर वितळत असताना, आम्ही पाच जण पंखा बंद करून, दोन्ही मनगटांना टॉवेलच्या पट्ट्या बांधून काम करायचो. हेडही तसेच बसत. त्यांच्या कापडावर मी कधी डाग पाहिला नाही. माझ्या पहिल्याच नकाशावर तीन पडले. त्यांनी तो नकाशा सगळ्यांसमोर उंच धरला आणि म्हणाले, "अकोल्यात पाऊस झाला वाटते." मला ते फार लागलं. पुढेही ते असंच करत. माझी चूक ते मला बाजूला घेऊन सांगत नसत, चारचौघांत वाचून दाखवत. मनात खोट नव्हती त्यांच्या, पण मला ती तेव्हा वाटायची.

त्यांचा दुसरा नियम दिशेचा. कोरा कागद फळ्यावर लावला की पहिल्यांदा कोपऱ्यात उत्तरेचा बाण काढायचा. तो काढेपर्यंत दुसरी एक रेघ ओढायची नाही. "ऊन कोठून येते, वारा कोठून येते, हे मालूम नाई अन् घर काहाडून राह्यला," असं एखाद्याला म्हणत आणि त्याची पेन्सिल काढून घेत. वऱ्हाडातलं ऊन पाहता त्यांचं काही चुकत नव्हतं.

आणि तिसरा म्हणजे गॅलरी. बंगला असो, विश्रामगृह असो, त्यांच्या नकाशात गॅलरी आधी येई आणि खोल्या मागून. माणूस खोलीत झोपतो आणि गॅलरीत जगतो, असं त्यांचं मत होतं. अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक छोटं विश्रामगृह बांधायचं काम निघालं होतं. तेल्हाऱ्याच्या एका ठेकेदाराकडे ते होतं. गॅलरी नकाशात चार फूट होती. ठेकेदाराने कठड्याची भिंत बाहेर न धरता आत धरली, त्यामुळे बसायला सव्वातीन फूट उरले. हेड अमरावतीहून एसटीच्या टपावर घरची वेताची खुर्ची बांधून आले. सोबत मी. त्यांनी खुर्ची गॅलरीत ठेवली, बसले, गुडघे कठड्याला टेकले. बसल्या जागेवरूनच म्हणाले, "पाडा."

ठेकेदार हात जोडून म्हणाला, "साहेब, इथं कोन किती खेपा बसनार हाये?"

"एक खेप बसन. तवा बी गुडघा लागनच ना."

कठडा पाडला. त्या दिवशी दुपारी मी त्यांना अकोल्यात आमच्या घरी जेवायला नेलं. जेवण झाल्यावर त्यांनी माझ्या वडिलांची खुर्ची उचलली, दाराच्या डाव्या बाजूला तीन फूट सरकवली आणि म्हणाले, "बाबा, इथं बसत जा. चार वाजेलोक ऊन येत नाई." वडील मनातून चिडले होते. पण पुढे मरेपर्यंत ते तिथेच बसत.

दुसऱ्यांना अशा जागा काढून देणाऱ्या या माणसाच्या स्वतःच्या घराला मात्र गॅलरी नव्हती. अमरावतीच्या कॅम्प भागातलं दोन खोल्यांचं सरकारी क्वार्टर, मागे एक बोडकं अंगण. त्यांच्या पत्नीला दमा होता. काकू बंद खोलीत बसूच शकत नसत. दार नुसतं लोटलं तरी त्यांची छाती भरून यायची. दिवसभर त्या मागच्या दाराच्या उंबरठ्यावर बसत, अर्ध्या आत, अर्ध्या बाहेर, आणि तिथूनच भाजी निवडत, पोथी वाचत, आल्यागेल्याशी बोलत. बुटक्या, गोऱ्या, फार विनोदी बाई. दोन वाक्यं बोलायच्या, श्वास घ्यायच्या आणि तिसऱ्या वाक्यात नवऱ्याची खोडी काढायच्या. हेडच्या डोक्यात गॅलरी कोणामुळे शिरली होती, हे मला त्या उंबरठ्याकडे पाहून कळलं. ते स्वतः यावर कधी एक शब्द बोलले नाहीत.

त्यांना एकच मुलगा. तो डॉक्टर होऊन इंग्लंडला गेला होता आणि आठ वर्षांत आला नव्हता. तिकडेच लग्न झालं, मुलगी झाली. काकूंनी नातीला फोटोतच पाहिलं होतं. त्यांनी तिच्यासाठी जुन्या लुगड्यांची एक गोधडी शिवली होती आणि ती ट्रंकेत वरच ठेवली होती, निघायचं ठरलं तर शोधाशोध नको म्हणून. मग मुलाचं पत्र आलं. तुम्ही दोघं या, तिकिटांचं मी पाहतो. आईला विमान झेपणार नाही, जहाजाने या, आणि जहाजातही बंद केबिन नको, जिला स्वतःची गॅलरी आहे अशीच केबिन बाबांनी पाहून घ्यावी. मुंबईच्या कंपनीला लिहिलं आहे, ते नकाशा पाठवतील.

काकूंना मुलाला भेटायचं होतं. जन्मात एवढंच एक मागणं राहिलंय, असं त्या माझ्या बायकोला म्हणाल्या होत्या. बाकी समुद्र, जहाज, विलायत यांचं त्यांना काही नव्हतं. हेडना मात्र त्या पत्राने आयुष्यातलं सगळ्यांत मोठं काम मिळालं.

नकाशा आला तो हातभर लांब, घड्या घातलेला, गुळगुळीत कागदाचा. जहाजाचे सगळे मजले त्यावर एकाखाली एक छापलेले होते. गॅलरीच्या केबिनी सहाच होत्या, वरच्या मजल्यावर, तीन डाव्या अंगाला आणि तीन उजव्या. प्रत्येक केबिनीत पलंग, कपाट, मोरी, आणि पलंगाच्या एका टोकाला छोटा चौकोन काढून उशीसुद्धा दाखवली होती. हेडनी तो फळ्यावर लावला आणि जेवणाच्या सुट्टीत रोज त्याच्यासमोर उभे राहू लागले. आम्हीही डबे घेऊन मागे उभे.

सर्वांत मागची केबिन त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केली. तिथे धुराडं जवळ होतं, आणि काकूंना चुलीचा धूरही चालत नसे. पुढची बाद केली, कारण जहाजाचं टोक लाटांवर जास्त वरखाली होतं असं त्यांनी कुठेतरी वाचलं. म्हणजे मधली घ्यायची. पण डाव्या मधल्या केबिनीच्या गॅलरीसमोर तुटक रेघांचा एक लांबट आकार होता. तो काय आहे यावर चार दिवस वाद झाला. मी म्हणालो, पाण्याची टाकी. कंपनीला पत्र गेलं, उत्तर आलं की ती टांगलेली होडी आहे, संकटात उतरवायची. "म्हंजे गॅलरीत बसून होडीचं बूड पाहाचं," हेड म्हणाले. तीही बाद.

कंपनीला त्यांनी किती पत्रं लिहिली असतील कोण जाणे. माझं अक्षर चांगलं, म्हणून मसुदा त्यांचा आणि लिहायचा मी. कठड्याची उंची किती? कठडा भरीव की गजांचा? खुर्ची ठेवून कठड्यापर्यंत किती इंच उरतात? खुर्चीची पाठ मागे होते का? शेजारच्या गॅलरीतला माणूस विड्या ओढत असेल तर मधे भिंत आहे का? जमीन ओली राहते का? गॅलरीचं दार आत उघडतं की बाहेर? मुंबईचा कारकून सज्जन असावा. प्रत्येक प्रश्नाचं त्याने उत्तर दिलं. फक्त इंच विचारले तिथे तो 'पुरेसे' असं लिही, आणि हेड संतापत. "पुरेसं हे काय माप हाये?"

पण त्यांची खरी अडचण निराळी होती. नकाशावर उत्तरेचा बाण नव्हता. त्यांनी तो कागद उलटून पाहिला, उजेडात धरून पाहिला. जहाज फिरतं, त्याला कायमची दिशा नसते, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण तीस वर्षं ज्या हाताने बाण काढल्याशिवाय रेघ ओढली नाही, त्या हाताला तो कागद धरवेना. शेवटी त्यांनी शाळेचा एक नकाशासंग्रह आणला आणि मुंबईपासून इंग्लंडपर्यंतचा सगळा रस्ता कागदावर उतरवून त्याच्यावर जागोजागी बाण काढले. एडनपर्यंत जहाज पश्चिमेला जातं. दिवाळीनंतरचं ऊन दक्षिणेचं, म्हणजे डाव्या अंगाला. तर उजवीकडची गॅलरी सावलीत. पुढे तांबड्या समुद्रात जहाज वर वळतं, तेव्हा उजवीकडे सकाळचं ऊन. "सकाळचं तिले चांगलंच हाये," ते म्हणाले. उजवी मधली केबिन त्यांनी लाल पेन्सिलीने रंगवली.

तेवढ्यावर थांबतील तर ते हेड कसले. पुढच्या रविवारी त्यांनी मला घरी बोलावलं. मागच्या अंगणात, घराचा पाया आखतात तशी, दोरी लावून चुन्याच्या फक्कीने त्यांनी ती केबिन खऱ्या मापाने आखली होती. पलंग, कपाट, मोरी, दाराची जागा, आणि पुढे गॅलरी. काकू उंबरठ्यावरून पाहत होत्या. हेडनी गॅलरीत वेताची खुर्ची ठेवली आणि त्यांना म्हणाले, "ये, बस."

काकू उठल्या आणि सरळ रेघा ओलांडून खुर्चीकडे निघाल्या.

"अवं, भिंतीतून काहून येऊन राह्यली? दार तिकडे हाये."

काकू परत गेल्या, चुन्यातल्या दारातून आत आल्या, पलंगाला वळसा घातला आणि गॅलरीत येऊन बसल्या. मी आणि हेड एक बांबू आडवा धरून समोर उभे राहिलो. तो कठडा. हेडनी मला बांबू दोन इंच खाली घ्यायला लावला, कारण त्यांना काकूंची नजर बांबूच्या वरून जायला हवी होती.

"आता दिसते का?"

काकूंनी समोर पाहिलं. शेजाऱ्याच्या कुंपणावर धुणं वाळत होतं, पलीकडे एक म्हैस बांधली होती. त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि श्वास घेऊन म्हणाल्या, "दिसून राह्यला."

"काय?"

"समुद्र. लय मोठा हाये बाप्पा."

हेड हसले. मी त्यांना असं हसताना आधी पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून काकू उंबरठा सोडून तिथेच बसू लागल्या. चुना पुसट झाला की हेड पुन्हा फक्की मारत. बाहेरून आलेल्या माणसालाही त्या चुन्याच्या दारातूनच आत यावं लागे.

दिवाळीनंतरच्या जहाजाची ती केबिन मिळाल्याचं पत्र आलं, तो दिवस मला विसरावासा वाटतो, पण विसरता येत नाही. हेडनी सगळ्यांसाठी घरचा चिवडा आणला होता. पण सकाळीच त्यांनी माझा एक नकाशा चारचौघांत वाचला होता. मी काढलेला जिना वरच्या मजल्यावर थेट भिंतीत शिरत होता. "अकोल्याचे लोक भिंतीतून जातात," ते म्हणाले होते आणि सगळे हसले होते. दुपारी ते जहाजाच्या नकाशासमोर उभे राहून केबिन समजावून सांगत होते. मी मागे चिवडा खात होतो. आणि मला एक गोष्ट दिसली. खरं सांगतो, दिसली तेव्हा मला आनंद झाला.

"साहेब," मी म्हणालो, "एक राहून गेलं. उशी जहाजाच्या नाकाकडे हाये. तांबड्या समुद्रात जहाज उत्तरेले जाते. म्हंजे एडन ते सुएझलोक काकूचं डोकं उत्तरेले अन् पाय दक्षिणेले."

आपल्याकडे जिवंत माणसाला तसं झोपवत नाहीत. मेलेल्याला ठेवतात. सगळ्यांना ते लगेच कळलं आणि एक-दोघं हसलेही, कारण हेडची दिशा चुकली होती आणि ती मी पकडली होती. हेडनी रस्त्याचा कागद काढला, कोनमापक लावला, सावकाश मोजलं. "बरोबर हाये," म्हणाले. मग त्यांनी चिवड्याची पुडी माझ्या हातात दिली आणि जाऊन जागेवर बसले.

आमच्यात तायडे म्हणून एक वयाने मोठे ट्रेसर होते. ते उठून हेडजवळ गेले. "साहेब, या दिशा-बिशा आमी छप्पन साली धम्म घेतला तवाच सोडून देल्या. काई होत नाई. तुमी जा."

"माया बी इस्वास नाई, तायडे," हेड म्हणाले. "पन मी कायले परीक्षा पाहू? माया जीव असता त पाह्यली असती."

संध्याकाळी सायकली काढताना तायडे मला एवढंच म्हणाले, "तू हे बोलाले नाई पायजे होतं." मी म्हणालो, मी काही खोटं बोललो नाही. ते सायकलीवर बसून निघून गेले.

आठवड्याने हेडनी केबिन सोडली. ते पत्रही मीच लिहिलं, माझ्याच त्या चांगल्या अक्षरात. ज्या केबिनीत बिछान्याचा माथा जहाजाच्या मागच्या अंगाला आहे अशी गॅलरीची केबिन द्यावी, असं त्यात होतं. कारण लिहिलेलं नव्हतं. कंपनीने कळवलं की या जहाजात सगळे बिछाने सारखेच आहेत. दुसऱ्या एका जहाजात ते हवे तसे आहेत, पण त्यातली गॅलरीची केबिन पुढच्या दिवाळीशिवाय मिळणार नाही. हेडनी पुढची दिवाळी मान्य केली. काकूंना सांगितलं की कंपनीनेच तारीख बदलली. आजारी बाईजवळ उत्तर-दक्षिणेचं कसं बोलायचं, हा त्यांचा विचार असणार. मुलालाही तेच कळवलं.

मी त्यानंतर गप्प गप्पच असायचो. हेड मात्र माझ्याशी पहिल्यासारखेच वागत. उलट माझ्या चुका आता ते हळू आवाजात सांगू लागले होते, आणि त्याने मला जास्तच वाईट वाटे.

ती थंडी काकूंना जड गेली. फाल्गुनात मी बायकोला घेऊन त्यांच्या घरी गेलो तेव्हा त्या अंगणात, चुन्याच्या पलंगाच्या जागेवर खरी बाज टाकून, तीन उशांना टेकून बसल्या होत्या. हेड गॅलरीत खुर्चीवर पेपर वाचत होते. आम्ही दारातून आत गेलो. काकूंनी मला जवळ बसवलं.

"अकोल्या, एक सांग. जहाजाचं काय झालं? हे मले सांगून नाई राह्यले. कंपनी तारखा बदलवते, हे मले पटत नाई. यांचं तोंड पाह्यलं की समजते."

मी हेडकडे पाहिलं. त्यांनी पेपर खाली घेतला, पण नको म्हणाले नाहीत. मला ते सहन होत नव्हतंच. मी सगळं सांगितलं, चिवडा, उशी, तांबडा समुद्र, माझं बोलणं, सगळं.

काकू ऐकत राहिल्या. मग हसायला लागल्या. हसता हसता खोकला आला, माझ्या बायकोने त्यांची पाठ चोळली. दम परत आल्यावर त्यांनी पाठीमागची एक उशी ओढून काढली आणि बाजेच्या पायथ्याशी टाकली.

"अवो, उशी इकडची तिकडे ठेवली असती," त्या म्हणाल्या.

हेड उठले, घरात गेले, तो नकाशा घेऊन आले आणि बाजेवर पसरून पाहू लागले. मीही वाकून पाहिलं. पलंगाच्या टोकाला तो छोटा चौकोन छापलेला होता, भिंतींच्याच शाईने, भिंतींइतक्याच जाड रेघेने. आम्ही दोघंही जन्मभर छापलेल्या रेघेला भिंत मानणारी माणसं. पलंग हलत नाही, कपाट हलत नाही, तशी उशीही हलत नाही असं आम्ही धरून चाललो होतो. ऑफिसात पाच जण होतो, त्यांतल्या एकालाही ते सुचलं नाही. रोज स्वतःच्या हाताने अंथरूण घालणाऱ्या बाईला ते ऐकता ऐकता सुचलं.

"नकाशात होती ती तठी," हेड म्हणाले.

"नकाशात होती," काकू म्हणाल्या. त्या अजून हसतच होत्या, पण डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोकल्याचं नव्हतं. "मले विचारलं असतं त एवढं वरीस वाचलं असतं हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्ट उघडण्याआधी हेड तिथे जाऊन उभे होते. तार केली. कोणतंही जहाज, कोणतीही गॅलरी, डावी, उजवी, धुराड्याजवळची, होडीमागची, असेल ती द्या. त्यांनी लिहिलेला तो पहिला मजकूर, ज्यात एकही प्रश्न नव्हता. गॅलरी एकाही जहाजात रिकामी नव्हती. पुढे पावसाळ्यात समुद्र खवळलेला, रोग्याला नेऊ नये, दिवाळीची केबिन तुमच्या नावावर आहेच, असं त्या सज्जन कारकुनाने कळवलं. मुलालाही हेडनी खरं काय ते लिहिलं. त्याची लंडनमधली नोकरी नवीन होती, दिवाळीत मीच आईला न्यायला येतो, असं त्याचं उत्तर आलं.

वैशाखात काकू गेल्या. दुपारची वेळ, बाहेर उन्हाचा फुफाटा. शेवटचे दोन दिवस सगळी दारं-खिडक्या सताड उघडी होती, तरी त्यांना हवा पुरत नव्हती. त्या शेजारणीला सारखं विचारत होत्या, गोधडी ट्रंकेत वरच आहे ना.

आम्ही ऑफिसातले सगळे गेलो. बायकांनी जमीन सारवून त्यांना खाली घेतलं. एक म्हातारबुवा सांगत होते, डोकं उत्तरेला करा. त्यांना तसं ठेवलं. हेड भिंतीला टेकून उभे होते, कानावर पेन्सिल तशीच. मी जवळ गेलो तर त्यांनी माझा दंड धरला.

"अकोला," ते हळू म्हणाले, "दिशा बरोबर हाये का पाह्य."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. पण ते माझ्याकडे पाहत वाट बघत होते, ऑफिसात एखादा नकाशा तपासायला दिल्यावर बघायचे तसे. मी दारातल्या उन्हाकडे पाहिलं, मग काकूंकडे पाहिलं.

"बरोबर हाये, साहेब."

मुलगा तेराव्याला विमानाने येऊन पोचला. त्याने वडिलांना सोबत चला म्हणून फार आग्रह केला. हेडनी गोधडी दिली आणि त्याला बडनेऱ्याच्या स्टेशनावर सोडून आले. दिवाळीची केबिन त्यांनी रद्द केली नाही. कंपनीकडून दोनदा विचारणा आली, तिचंही उत्तर दिलं नाही. ते जहाज ती केबिन रिकामी घेऊन गेलं असणार.

पुढे माझी अकोल्याला बदली झाली. हेड निवृत्त होऊन वलगावला गेल्याचं कळलं होतं. दोन-तीन वर्षांनी अमरावतीला काम निघालं तेव्हा मी दुपारच्या बसने वलगावला गेलो. गावाच्या कडेला त्यांनी दोन खोल्यांचं नवं घर बांधलं होतं. विटा चांगल्या, खिडक्या बरोबर जागी, उन्हाचा नेमका अंदाज. पण गॅलरी नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "कोनाले बसवाचं?"

चहा झाल्यावर त्यांनी मला मागे नेलं. मागे कपाशीचं शेत सुरू होत होतं, आणि शेताच्या अलीकडे चुन्याच्या रेघा होत्या. ताज्या, सकाळी मारलेल्या. पलंगाच्या जागी बाज होती, तिच्यावर सतरंजी आणि एक उशी. गॅलरीच्या जागी दोन खुर्च्या होत्या. मी चुन्याच्या दारातून आत गेलो. ते पाहून त्यांना बरं वाटलं असावं.

मी बाजेवर बसलो आणि सवयीने सावलीवरून दिशा पाहिली. उशी उत्तरेला होती.

"साहेब, डोकं उत्तरेले येते."

"मालूम हाये मले."

कपाशीत कोणीतरी निंदण करत होतं, तिकडे ते पाहत राहिले. मग मी जे इतकी वर्षं बोललो नव्हतो ते बोललो. म्हणालो, साहेब, त्या दिवशी मी तुमची चूक पकडायची म्हणून बोललो. सकाळी तुम्ही माझ्या जिन्याला हसले होते.

"तेबी मालूम हाये," ते म्हणाले. "तुयं माप बरोबर होतं, अकोला. उशी मले बी दिसली नाई, तुले बी नाई."

मला तिथे बसवेना. मी उठलो, ती उशी उचलली आणि बाजेच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. हातावेगळं व्हायला क्षणही लागला नाही. काकूंचं सगळं वर्ष एवढ्याशा कामात अडकलं होतं, हे मला उशी हातात घेतल्यावर जेवढं कळलं तेवढं आधी कळलं नव्हतं.

हेड पाहत होते. ते सावकाश उठले, पलंगाला वळसा घालून आले, उशी उचलली आणि परत होती तिथे ठेवली. तिची सुरकुती हाताने नीट केली.

"राहू दे," ते म्हणाले. "तिले आपन असंच ठेवलं होतं. दिशा तूच पाह्यली होती."